टाकीखालचा आवाज

आवाज पहिल्यांदा पकडला तो निलमने. सहा वर्षांची ती पोर रोज सकाळी आईच्या पुढ्यात, मोटरसायकलच्या टाकीवर बसून शाळेत जायची. एके दिवशी ओढ्याच्या उतारावर साधनाने ब्रेक दाबला, तशी ती मान वळवून म्हणाली, "माय, टाकीच्या पोटात कोणीतरी टुकटुक करून राहिलं."

"पेट्रोल हालत असंल. नीट धरून बस."

"पेट्रोल न्हाई. हाडावानी वाजून राहिलं."

साधनाने त्या दिवशी कानाआड केलं. पण पोरीने एकदा दाखवून दिल्यावर तो आवाज तिलाही ऐकू यायला लागला. गचका बसला की टुक. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की टुक. एकच, कोरडा, बोट मोडल्यासारखा.

साधनाचं सगळं काम त्या गाडीवर चालायचं. जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली ती शिकली होती; गावोगाव फिरून शेळ्यामेंढ्यांना लसी टोचायची, अडलेली म्हैस मोकळी करायची. नवरा वारल्यावर लेकराला घेऊन ती माहेरी आली आणि सलवार घालून, डोक्याला रुमाल बांधून बापाची मोटरसायकल काढली, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता त्याच बाया फोन करायच्या, "साधना, लौकर ये माय, गाय उठून न्हाई राहिली." गाडी जुनी, तिच्या लग्नाच्याही आधीची. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण एका लाथेत चालू व्हायची.

फाट्यावर ओमप्रकाशचं गॅरेज होतं. तांड्यावरचा हा गडी शाळेत साधनाच्याच वर्गात होता. त्याने चेन आवळली, मडगार्डचे बोल्ट कसले, हँडल ज्यावर फिरतं तो कोनसेट उघडून त्यातले छर्रे बदलले आणि एक चक्कर मारून आला.

"कुठं हाय आवाज?"

"हाय ओमभाऊ. तुमाला न्हाई आला."

"ताई, जुन्या गाडीला आवाज न्हाई आला तर ती बंद पडली म्हणायची," तो हसला.

पण साधनाला मुक्या जनावरांची सवय. कुठं दुखतं ते जनावर सांगत नाही, हात फिरवून आपणच शोधावं लागतं. ती घरी आली, पण तिचा जीव त्या आवाजात अडकला तो अडकलाच.

गाडीचा विषय तिच्या घरात तसाही नाजूक होता. चार वर्षांपूर्वी तिचे वडील नामाजी याच गाडीवरून पडले होते. मागे तिची आई सिंधूबाई बसली होती. लग्नाचं जेवून दोघं दिवसाढवळ्या घरी येत होते. ओढ्याच्या वळणावर गाडी सरळ काठाखाली गेली. नामाजीच्या कपाळाला टाके पडले, सिंधूबाईचा उजवा कोपर असा मोडला की तो पुन्हा पुरता वाकलाच नाही. तेव्हापासून ती भाकरी थापायची ती डाव्या हाताने, आणि घास घ्यायचा तोही डाव्याच हाताने.

नामाजी आधी प्यायचा. चांगला पडेस्तोवर प्यायचा. अपघाताच्या वर्षभर आधी त्याने बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती आणि दारू सोडली होती. पण माणूस वळणावर गाडी घेऊन खाली गेला म्हटल्यावर गावाने विचारपूस केलीच नाही. "लग्नात पाजली असंल कोणी," एवढं एकानं म्हटलं आणि ते सगळ्यांचं झालं. नामाजी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाला होता, "हांडल माज्या हातातच न्हाई राहिलं." लोक हसले. कितीतरी दिवस पोरं त्याला रस्त्यात विचारायची, "आबा, हांडल घावलं का?" शेवटी त्याने ते बोलणं सोडलं. साधनानेच त्याच्याकडून गाडीची चावी मागून घेतली होती, आणि त्याने एका शब्दाने न विचारता ती काढून दिली होती. मग तो मेंढरांच्या मागे लागला. दिवसभर माळावर असायचा. घरात असला तरी पाहुण्यासारखा बसायचा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी साधना पुन्हा फाट्यावर गेली.

"ओमभाऊ, मला कळलं. एकटं बसलं की आवाज न्हाई. निलम पुढं असली, न्हाई तर मागं कोणी असलं, तरच येतो. मी मागं बसते, तुमी चालवा."

ओमप्रकाश कंटाळतच निघाला. पहिल्याच गतिरोधकावर त्याने ब्रेक दाबला आणि खालून आवाज आला. टुक. त्याने गाडी थांबवली, मागे वळून पाहिलं.

"व्हय की वो ताई."

गॅरेजवर येऊन त्याने तिला गाडीवर बसवलं, पुढचा ब्रेक घट्ट धरून पुढेमागे रेटायला लावलं. आवाज यायचा, पण लोखंडातून असा पसरायचा की कधी चाकाजवळून आल्यासारखा वाटायचा, कधी सीटखालून. ओमप्रकाश पाना लोखंडाला टेकवून दुसरं टोक कानाला लावत होता. साधनाने पिशवीतून आपला स्टेथोस्कोप काढला.

"हे घ्या. गायीचं पोट ऐकायचं हाय."

तो आधी लाजला, मग कानात घालून बसला. इंजिनाला लावला तर नुसती धप. शॉकअपला लावला तर लांबून. टाकीच्या खाली, हँडलच्या मागे जिथं बोट शिरायला जेमतेम जागा असते, तिथं लावला आणि त्याने झटकन डोकं मागे घेतलं.

"काय झालं?"

"टाकी काढू द्या," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

सीट निघाली, पेट्रोलची नळी निघाली, टाकी उचलून बाजूला ठेवली. खाली चेसिसचा जाड नळा उघडा पडला. गाडीचं सगळं धड हँडलखालच्या ज्या मानेला जोडलेलं असतं, त्या जोडावर काळ्या रंगाचा जाड थर होता. बाकीची चेसिस गंजून तांबूस झालेली, आणि तेवढीच जागा नवी काळी. ओमप्रकाशने पेट्रोलात भिजवलेलं फडकं फिरवलं, मग स्क्रूड्रायव्हरने टोकरलं. पुट्टीचा एक खपला सुटून खाली पडला.

"ताई, ब्रेक धरून रेटा. हळू."

तिने रेटलं. नळ्याला एक चीर पडली होती आणि ती चीर उघडली. साधनाने सोडलं, तशी मिटली. टुक. पुन्हा रेटलं, पुन्हा उघडली. पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या तोंडासारखी. नळ्याच्या खालून, दोन्ही बाजूंनी ती वर चढत गेलेली होती. वरचा बोटभर भाग तेवढा शाबूत होता. त्या बोटभर लोखंडावर गाडी चालू होती.

ओमप्रकाशने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमी यावर लेकरू बसवून राहिल्या होत्या?"

साधना गाडीवरून उतरली आणि तिथंच तेलाने काळ्या झालेल्या मातीत बसली. आज सकाळी निलम याच जागेवर बसली होती. दोन्ही पाय टाकीच्या दोन बाजूंना सोडून, हँडल दोन्ही हातांनी धरून गाणं म्हणत होती. समोरून उसाचा ट्रक आला म्हणून साधनाने ब्रेक दाबला होता. तो ट्रक तिला आता दिसला, त्याच्या पुढच्या चाकाला लागलेल्या चिखलासकट दिसला. ओमप्रकाशने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"हे आजचं न्हाई, ताई," तो चिरेकडे बघत म्हणाला. "आतला गंज बघा, किती जुना हाय. आन् वेल्डिंग एकावर एक दोनदा मारलेलं हाय. कधीतरी मान तुटली, जोडली, परत तुटली, परत जोडली. वरून पुट्टी लावून रंग मारला."

"अशी मान तुटली तर काय व्हतं चालवणाऱ्याचं?"

"काय व्हतं म्हणजे? चाक एकीकडं, गाडी एकीकडं. हांडल हातात न्हाई राहत."

तो सहज बोलून गेला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याने साधनाकडे पाहिलं. फाट्यावरून एसटी गेली, धूळ उडाली, ती खाली बसली.

आबा खरं बोलत होते.

तिने चिरेचा फोटो काढला आणि पुण्याला शिवहारला पाठवला. शिवहार तिचा धाकटा भाऊ, तिथं एका कंपनीत कामाला होता. अपघातानंतर गाडी त्यानेच टेम्पोत टाकून नेली होती, दुरुस्त करून आणली होती. पुण्याला जाताना दुरुस्त केलेली गाडी ताईच्या स्वाधीन करून गेलेला तोच. दोनदा जोडलेलं म्हणजे काय, हा विचार करायलाही तिचं डोकं जाग्यावर नव्हतं. फोटोखाली तिने एवढंच लिहिलं: आबा खरं बोलत होते.

लगेच फोन वाजला.

"ताई, तू बरी हाईस का? निलम कुठं हाय?"

"शाळेत हाय. आमी बऱ्या हाव. शिवा, तू बघितलं का, अरे आबा..."

"परत फुटलं का?" तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

तिकडून यंत्रांचा आवाज येत होता, मग तो लांब गेला. शिवहार बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"शिवा, परत म्हणजे काय? तुला कसं माहीत?"

"ताई..."

"बोल."

मग तो बोलला. अपघाताच्या आधी हळदीच्या हंगामात तो वसमतला हमालीला जात होता. एका दिवशी तिघं मित्र गाडीवर बसून येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडकले. कोणाला लागलं नाही, पण गाडीची मान दबली, चेसिसला चीर गेली. आबांनी कातडं सोललं असतं. म्हणून त्याने तिथंच रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतली, रंग मारून घेतला आणि गाडी आणून दारात लावली.

"आन् सांगितलं न्हाईस."

"सांगणार होतो."

"वेल्डिंगवाला काय म्हणला होता? काही तरी म्हणला असंल. बोल शिवा."

"म्हणला... डबलसीट घेऊ नका. एकट्यानं चालवा, तेबी हळू."

साधनाने डोळे मिटले. तिला आईचा कोपर दिसला.

"माय मागं बसून गेली तवा तू घरीच होतास. दारात उभा होतास तू. मी बी होते, आले होते मी त्या दिवशी. तूच मायचा पदर चाकात जाईल म्हणून खोचून दिला होतास, शिवा."

तिकडे तो रडत होता. "मला वाटलं, काय व्हतं एवढ्यानं. आन् नंतर लोकच म्हणू लागले, आबा पिले होते. मी कुणाला काही खोटं सांगितलं न्हाई, ताई. आईच्यान सांगतो, मी एक बी शब्द खोटा बोललो न्हाई. मी फकस्त काही बोललो न्हाई."

"आन् तीच गाडी मला दिली."

"दुसऱ्या बारीला पक्कं वेल्डिंग करून घेतलं होतं. तू एकटीच बसती म्हणून..."

तिने फोन ठेवला. ओमप्रकाश पाठ करून उगाच पाने पुसत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

गाडी तिथंच ठेवून ती जीपने गावात आली. निलमला शाळेतून घेऊन घरी सोडलं, आईला काही न सांगता तशीच माळावर गेली. नामाजी एका बाभळीखाली काठी टेकवून उभा होता, मेंढरं पुढे चरत होती. दिवसा कधी न येणारी लेक समोर बघून तो दचकला.

"काय झालं? लेकरू बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. आबा, तुमी पडलात तवा हांडल खरंच सुटलं होतं. गाडीची मान तुटलेली हाय. मी डोळ्यानं बघून आले." आणि मग तिने शिवहारचंही सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, आता आबा रागाने काठी आपटतील, नाही तर आभाळाकडे बघून हात जोडतील.

नामाजी खाली बसला. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने विचारलं, "म्हणजे मी पिलो न्हवतो?"

साधनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आबा, तुमालाच माहीत की. तुमीच सांगत होता."

"पहिल्यानं सांगत होतो," तो म्हणाला. "मग सगळेच म्हणू लागले. तुजी माय म्हणली, तू म्हणली. एवढे लोक खोटे आन् मी एकटाच खरा, असं कसं व्हईल? त्या लग्नात मी सरबत पिलो होतो. लाल सरबत. मला वाटलं, त्यात कोणी घातली असंल काही. आन् मला कळली असंल, तरी मी पिलो असंल. जुनी सवय. देवाची शपथ मोडली म्हणून मी त्या देवळाची पायरी चढलो न्हाई आजवर." त्याने हाताने तोंड पुसलं. "सिंधूचा हात मीच मोडला, असंच मी धरून चाललो होतो."

साधनाच्या अंगावर काटा आला. चीर बघून जे झालं नव्हतं, फोन ऐकून जे झालं नव्हतं, ते तिला आता झालं. शुद्धीत असलेल्या, खरं बोलणाऱ्या माणसाला गावाने आणि घराने मिळून एवढं खोटं पाडलं होतं की तो स्वतःच स्वतःच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला होता. तिने बापाचे पाय धरले. त्याला ते कळलंही नसावं. तो मेंढरांकडे बघत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "पिलो न्हवतो. अगं, मी पिलोच न्हवतो."

घरी सिंधूबाईला सांगितलं तेव्हा तिने पिठाची परात बाजूला सारली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या पोराला बोलाव." मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. रात्री कोणी जेवलं नाही.

शिवहार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दारातच बसला, वर बघेना. डोळे सुजलेले. साधनाला त्याची कीव येत होती आणि त्याच वेळी त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. निलम मामा आला म्हणून धावत गेली, त्याने तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला. पोर घाबरून आईकडे पळाली.

नामाजी आतून आला. "मला काही इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "तुज्या मायला सांग, तो वेल्डिंगवाला काय म्हणला होता. तुज्या तोंडानं सांग."

शिवहारने सांगितलं. सिंधूबाईने ऐकून घेतलं. तिचा वाकडा हात मांडीवर पडलेला होता, तिकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"हात गेला तर गेला," ती म्हणाली. "हाताचं मी तुला काही म्हणत न्हाई. पण मी या माणसाला चार वर्षं ताटात वाढलं आन् एकदा बी 'बसा' म्हणलं न्हाई. ते मला कोण आणून देणार? तू देतूस का?"

शिवहार तिच्या पायाशी वाकायला गेला. तिने पाय मागे घेतले.

"माज्या पाया पडून काय व्हणार? गावात जा. कट्ट्यावर जा. जिथं हे लोकं बसून याची टवाळी करत होते, तिथं जाऊन सांग."

"माय, लोकं..."

"लोकंच. जा."

तो उठला. नामाजीने खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला, पायात वहाणा घातल्या.

"तुमी कशाला, आबा?" साधनाने विचारलं.

"मला ऐकायचं हाय," तो म्हणाला.

मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर त्या वेळेला दहाबारा माणसं होती. बाबूसिंगच्या टपरीवर चहा उकळत होता. शिवहार मधोमध जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत पुटपुटायला लागला. दोनचार वाक्यांत माणसांच्या हातातले कप तसेच राहिले. कोणीतरी मोबाईलवरचं गाणं बंद केलं. साधना बापाच्या मागे उभी होती. तिला माणसांचे चेहरे दिसत होते. एकेक चेहरा आधी नुसता वळलेला, मग उघड्या तोंडाचा, मग खाली गेलेला. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

नामाजी हाताची घडी घालून उभा होता. पोराचा आवाज आणखी खाली गेला, तसा तो म्हणाला, "मोठ्यानं बोल. तिकडच्यांना ऐकू येऊन न्हाई राहिलं."